उघडून दाखव

अमेरिकेतल्या नेपरव्हिलचे बंदूकवाले काका दारात आलेल्याला 'या' म्हणत नसत, 'का आलात?' म्हणत. मी रोज त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची, तरी मलाही रोज तेच. "पोळ्या करायला, काका," असं मी रोज सांगायची आणि रोज घाबरायची. आठवीत शाळा सोडलेली मी, इंग्रजीची बोंब, नवऱ्याच्या कामाचे तास निम्म्यावर आलेले. काकांनी काढून टाकलं तर काय, हा विचार कणीक मळतानाही सुटत नसे.

काकांना माणसं आवडत नसत. आवडायची ती रिव्हॉल्वरं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या पश्चिमेकडे गुरं हाकणारे, शेरीफ आणि दरोडेखोर कमरेला लावायचे, ती. दिवाणखान्यात काचेचं कपाट भरून ठेवलेली. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा म्हटलं, "काका, जरा पॉलिश केलीत तर चमकतील, यार." काका म्हणाले, "तुम्ही केस काळे करता तसं? तो वयाचा रंग आहे. तुमच्या मंडळात माणसं कमी आणि अध्यक्ष जास्त." त्यानंतर गणपतीचं आमंत्रणही आलं नाही.

शेजारीणही वाकड्यात. दोन हजार एकचा तो सप्टेंबर नुकताच होऊन गेलेला, आणि हा सावळा म्हातारा लांबट पेट्या घरात नेताना तिने पाहिला. पोलीस आले. काका दार अडवून उभे. "तुमच्याच देशाचं म्युझियम आहे. पाय पुसून आत या." त्यांनी खरोखर पुसले.

आठवड्यातून एकदा काका तेलपाणी करायचे आणि मी सुती हातमोजे घालून एकेक रिव्हॉल्वर त्यांच्या हातात द्यायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बंदूक रिकामी आहे ना, काका?"

"मला काय विचारतेस? डोळे कशाला दिलेत?"

मग शिकवलं. घोडा अर्धा मागे, बाजूची छोटी झडप उघडायची, चक्र फिरवत गोळ्यांची सहाही घरं बघायची. समोरचा म्हणतो म्हणून रिकामी मानायची नाही, मग तो कुणीही असो. "उघडून दाखव," ते गुरकावायचे. मी दाखवायची. "हं. आता दे." कौतुकाचा शब्द एवढाच.

अशी पाच-सहा वर्षं गेली. काका मीठ दोनदा मागू लागले, चष्मा डोळ्यांवर असताना चष्म्यासाठी माझ्यावर ओरडू लागले. एका सोमवारी त्यांनी स्वतःच एक रिव्हॉल्वर माझ्यापुढे धरलं. शनिवारी नेमबाजीच्या क्लबात नेलं होतं ते.

"रिकामी आहे. ठेव कपाटात."

त्यांनी न उघडता दिलं, हे माझ्या लक्षात आलं. मी झडप उघडली. पहिलं घर रिकामं. दुसरं रिकामं. तिसऱ्यात पितळी बूड चमकलं.

"काका."

त्यांनी वाकून पाहिलं. गोळी काढून टेबलावर ठेवली. माझ्या मनात आलं, हे त्यांच्या लांब राहणाऱ्या मुलाला कळलं तर तो यांना घेऊन जाणार, हे घर बंद होणार आणि माझं कामही. मी गप्प राहिले असते, देवाशपथ.

काकांनीच फोन उचलला. सनीव्हेलला राहणाऱ्या मुलाला म्हणाले, "कपाट रिकामं करायला ये. भरलेली बंदूक हातात दिली मी पोळ्यावालीच्या."

"बाबा, आर यू ओके?"

"नाहीये. म्हणून तर फोन केला, गाढवा."

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून खेकसले, "रडतेस काय? पोळी करपतेय."

मुलाने आठवड्याभरात कपाटासकट सगळी रिव्हॉल्वरं विकली आणि काकांना जवळच्याच एका वृद्धाश्रमात ठेवलं. सनीव्हेलला यायला त्यांनीच साफ नकार दिला होता. माझं काम अर्थात गेलं. दुसरं मिळेपर्यंत फार ओढाताण झाली. पण काकांचा राग काही आला नाही. जिवंत होते ते, आणि मीही.

दसऱ्याला पुरणपोळ्या घेऊन भेटायला गेले. खिडकीशी बसले होते. माझ्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे पाहावं तसं, कपाळाला आठ्या घालून.

"का आलात?"

"पोळ्या आणल्यात, काका." मी डबा पुढे केला.

त्यांनी हात मागे घेतला. "उघडून दाखव."

मी झाकण काढलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं. घाई नाही, एकेक पोळी बघितली.

"हं," काका म्हणाले. "आता दे."