पिंजऱ्यातून आशीर्वाद

हे मी लिहिणारच नव्हते. साइकाल आपा म्हणाली होती, "माझ्यावर लिहिलंस तर मी तरुण दिसले पाहिजे." सत्तरीची बाई, कुठून तरुण दाखवू? पण हसू अजून पोटात मावत नाहीये, म्हणून लिहितेय.

आपा आमच्या शेजारची. बाजारात खारट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या विकते, जगाची लग्नं जुळवते. खाणवाल्यांचं खोदायचं मशीन आमच्या झऱ्यावर आलं तेव्हा ही त्याच्यापुढे नमदा, म्हणजे लोकरीची जाड सतरंजी, अंथरून चहा पीत बसली. झाली केस. म्हणे दंगा केला.

कोर्टात नेलं आणि थेट लोखंडी पिंजऱ्यात बसवलं. वकील मेरिम भांडत होती, "गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच बाई गजांआड दिसली तर तिचं खरं कोण मानेल? मला तिच्याशी धड बोलताही येत नाही."

न्यायाधीश म्हणाले, "पद्धत आहे, ताई."

आपाने आम्हाला आधीच बजावलं होतं, खुराड्यातून साक्ष देणार नाही, तुरुंगात टाकलं तरी. मला रडूच यायला लागलं.

तर आपा उठली. "ही साक्ष नाही हं. पिंजरा दारापासून सगळ्यात लांब, म्हणजे आपल्या किर्गिझ घरात थोरामोठ्यांची जागा. थोरांनी आशीर्वाद दिल्याशिवाय कामाला लागता होय रे?"

आणि तिने दुआ मागतात तसे तळहात उघडले; मोठ्यांनी असे उघडले की आमच्याकडे सगळ्यांनी उघडायचेच. संपलं. सगळ्या खोलीचे हात आपोआप वर. पहारेकरी बेक्तुरचे, खाणीच्या साहेबाचे, न्यायाधीशांचेसुद्धा.

"पोरांनो, तुमची गुरं वाढोत, थोडी अक्कलही वाढो. ओमिन."

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. न्यायाधीशांचे गालावरच अडकले.

"घेतलास ना आशीर्वाद, पोरा?"

"घेतला, आपा."

"आणि देणारीला कोंडून ठेवणार?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. न्यायाधीश कानापर्यंत लाल. "आशीर्वादामुळे नाही हं, वकीलबाईंचं म्हणणं पटलं म्हणून. उघडा दार."

बेक्तुर तिला हात द्यायला आत शिरला. आपा बाहेर आली आणि सवयीने दार ओढून घेतलं. कुलूप लागलं, किल्ली बाहेर, बेक्तुर आत. मेरिमशेजारी बसून आपा मग जी बोलायला लागली, ती पाणी प्यायलाही थांबेना.

निकाल अजून लागायचाय. पिंजरा अजून तिथेच, पुढच्या कुणासाठी तरी. तो निघेपर्यंत आपा प्रत्येक सुनावणीला जाऊन बसणार आहे. तुम्ही लवकर या, बाजारात तिला भेटा. लग्न व्हायचं असेल तर जरा जपून.