ऐंशी वट

आमच्याकडं वॅटला सगळे वटच म्हणतात. त्यामुळे पप्पांनी लाकूड कापायची, कोरायची लेझर मशीन दुकानात आणली, तेव्हा येणारा प्रत्येक जण तोच विनोद करायचा. ऐंशी वटची मशीन, म्हणजे आता तुमचा वट वाढला की! पप्पा दर वेळी नव्यानं हसायचे. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करत बसायचे. इंग्लिश मीडियमचं माझं मराठी लोकांना जरा वेगळं लागतं, म्हणून गिऱ्हाइकांसमोर मी शक्यतो बोलत नाही.

त्या दिवशी जळकोटचे एक गुरुजी समोर बसले होते. शाळेच्या दारावर लावायला जाड लाकडी अक्षरं हवी होती आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं गॅदरिंग होतं. पहिलं अक्षर मशीननं कापलं, पण ते फळीतून सुटेना. वरची कड जळून काळी, खालची बाजू कोरी. पप्पांनी तीच रेघ पुन्हा फिरवली. तरी तेच.

"ऐंशी वट असून एवढी फळी कापंना व्हय?" गुरुजी म्हणाले.

ते चेष्टेतच म्हणाले, पण पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी मला करंट अजून वाढवायला सांगितलं. तो आधीच शेवटाला आला होता.

मी मशीन बंद केली, प्लग काढला आणि जरा थांबून मागचं झाकण उघडलं. आत काचेची लांब नळी असते. कापणारा किरण तिच्यातच तयार होतो. काही दिवसांपासून तिचा जांभळा उजेड मला पांढुरका वाटत होता. मोबाइलवर शोधलं. झेपेल त्याहून जास्त करंट दिला की नळीचा रंग असा उतरतो आणि तिची खरी ताकद तिच्या लांबीवरून कळते, असं तिथं होतं. ऐंशीची नळी साधारण माझ्या उंचीची असायला हवी. आमची अख्खी मशीनच माझ्याहून आखूड होती. ऐंशीची नळी तिच्यात मावलीच नसती. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, आणि मी कधी मोजलीच नव्हती.

नळीवरच्या लेबलावर ८० दिसत होतं. बाकी सगळा भंडारा. मशीन आली त्या दिवशी पप्पांनी अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणि कुंकू नेमकं तिथंच लावलं होतं, आणि देवाचा भंडारा कोण पुसणार? मी हात जोडले आणि ओढणीच्या टोकानं पुसला. खाली बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं. ऐंशी ही कमाल, नेहमीच्या वापरासाठी साठ. ते मी तीनदा वाचलं. कुणी लपवलंच नव्हतं. आम्ही त्याच्यावर भंडारा लावला होता.

तोवर पप्पांनी प्लग परत लावायला उचलला होता.

"पप्पा, थांबा." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ही साठची आहे. अजून ओढली तर आत्ताच जाईल."

"ऐंशी लिवलंय की गं त्याच्यावर."

"ते तिचं टोक आहे. रोजचं साठच."

गुरुजी माझ्याकडं बघत होते. पप्पा वाकले. लेबलावरच्या मजकुराआधी त्यांना पुसलेली जागा दिसली असावी. मग म्हणाले, "काय लिवलंय ते वाच."

मी मराठीत करून वाचलं. गुरुजींसमोर.

पप्पा खुर्चीवर बसले. इतके दिवस ज्याला त्याला ऐंशी सांगत होते. थोड्या वेळानं त्यांनीच झाकण आणि प्लग लावला, करंट खाली आणला आणि गुरुजींना विचारलं, अक्षरं पातळ फळीतून दोनदा कापून एकावर एक चिकटवली तर चालतील का. गुरुजींना दारावर अक्षरं दिसण्याशी मतलब होता. ते हो म्हणाले.

पातळ फळीतलं पहिलं अक्षर आपोआप खाली पडलं.

सगळी अक्षरं झाल्यावर पप्पांनी प्लग काढला, जरा थांबून झाकण पुन्हा उघडलं आणि देवाजवळच्या डबीतून चिमूटभर भंडारा आणला. नळीपाशी वाकून बराच वेळ जागा शोधली. मग लेबल मोकळं सोडून त्याच्या बाजूला, मशीनच्या पत्र्यावर लावला.