थोरली डंखावरून उठली

थोरलीचं नाक दिसायला बेताचंच होतं, पण पोचायचं फार लांब. दापोड्याहून ड्युटी करून येताना मी धामणकर नाक्यावर रिक्षा बदलायचे आणि कधीतरी तिथेच उभ्या उभ्या एक वडापाव खायचे. वर बडीशेप चावायचे, घरात शिरण्याआधी अंगणातल्या नळावर चूळ भरायचे. तरी उंबऱ्यापाशी चप्पल काढतेय तोवर आतून आवाज यायचाच, "आज वडेवाल्यानं तेल न्हाय बदलला."

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. सासूबाई तिला थोरली म्हणत आणि मला धाकटी. टेमघरच्या त्या घरात आम्हा दोघींना दुसरं नाव नव्हतं. माझं माहेर कल्याणचं, तिसऱ्या मजल्यावरचं. तिचं खाडीकाठच्या गावातलं, जिथे म्हणे पाच वर्षांच्या पोरीला सुकट निवडायला बसवतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा कालवण केलं, तेव्हा तिने वाटी नाकाशी धरली आणि सासूबाईंना म्हणाली, "आये, याला लिफ्टचा वास येतो." सगळं घर हसलं. तेव्हापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच. मीही काही गरीब गाय नव्हते. तिला कोथिंबीर चालत नाही हे कळल्यावर मी रोज आमटीत मूठ मूठ कोथिंबीर टाकायला लागले.

भांडणाला खरी फोडणी बसली ती माझ्या नोकरीने. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये कोणता ट्रक कोणत्या गेटला लावायचा, ते मी बघायचे. पगार फार नव्हता, पण तिथे मला माझ्या नावाने हाक मारायचे आणि पुढे मॅडम लावायचे. "मॅडम, गाड़ी कहाँ लगाऊँ?" असं ड्रायव्हर विचारायचा आणि मी बोट दाखवेन तिथे एवढा मोठा ट्रक मुकाट मागे सरकायचा. घरी माझ्या सांगण्याने पाटसुद्धा सरकत नव्हता. ही नोकरी सुटली तर आपण पुन्हा नुसती धाकटी होऊ, या विचाराने मला घाम फुटायचा. थोरली मात्र शेजारपाजारी सांगत फिरायची, "आमची धाकटी गोडावनात ट्रकांना या-या करते. मी कोंबऱ्यांना करते तशी."

त्या वर्षी होळीच्या आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून गोडाऊनच्या फोनवर बोलत बसले आणि पातेलं जळून काळं ठिक्कर झालं. वास सगळ्यांत आधी कोणाला आला हे सांगायला नको. तिने ते पातेलं उचलून थेट सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "घरात लक्ष नसंल तर गोडावन बंद. यापुढं एक जरी चूक झाली तरी बंद." नवरा मान डोलावून मोकळा झाला. मी थोरलीकडे पाहिलं. ती पातेलं घासायला लागली होती आणि घासता घासता पातेल्याच्या खानदानाचा उद्धार करत होती. त्या क्षणी ती मला जितकी नकोशी झाली तितकं आयुष्यात कोणी झालं नसेल.

होळी विझली की आमच्याकडे गच्च्या लाल होतात. घरोघरी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत पडतात, आणि ते दोन-तीन आठवडे थोरलीच्या अंगात यायचं. बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी किती, हे फक्त तिला माहीत. आम्ही बाकीच्या देठ खुडायला. उन्हात बोटं भगभगायची, नखांच्या कडा पेटायच्या. मी एकदा "ताई, हात जळतायत हो" म्हटलं, तर म्हणाली, "मंग तोच हात तोंडाला लाव, जरा कमी बोलशील." सूर्यावरसुद्धा तिचा राग. एखादा ढग आला तर वर बघून त्याला आईबहिणीवरून ऐकवायची. धणे, खसखस, दगडफूल भाजताना कोणी मध्ये बोललं की उलथनं उगारायची. चार वाजता हे सगळं आवरलं की ओट्यावर पाय पसरून मीठ-तिखट लावलेली कैरी खायची. ती तिची करमणूक. कैरी दातांनी फोडत ती रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकला शिव्या द्यायची, हॉर्नच्या आवाजावरून कमी-जास्त.

पण तिची खरी कीर्ती होती ती डंखावर. डंख म्हणजे मिरच्या कुटायची गिरणी. एका रांगेत लोखंडी मुसळं वर-खाली आपटत असतात; आवाजाने ऐकू येत नाही आणि ठसक्याने बोलता येत नाही. तिथला नियम एकच, आपल्या मिरच्या कुटायला पडल्या की घरच्या एका तरी बाईने तिथून हलायचं नाही. हललं की मसाला बदलतो, कधी चुकून, कधी मुद्दाम, आणि मग वर्षभर दुसऱ्याच्या घरची चव खावी लागते. "दारात मढा पडला तरी डंखावरून उठायचा न्हाय," असं थोरली म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून जागा रिकामी टाकून ती एकदाही उठली नव्हती. नव्या सुनांना टेमघरच्या बायका तिचा दाखला द्यायच्या. तिच्या दोन साड्या आणि ही कीर्ती, एवढीच तिची मिळकत होती म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. सकाळी सातपासून ती मुसळांसमोर उकिडवी बसलेली, तोंडाला पदर, डोळे लालबुंद. निम्म्या मिरच्या कुटून झाल्यावर तिला आठवलं की भाजलेला हिंग घरीच राहिला. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही तो हिंग मीच खाल्ला होता. मिरच्या अर्ध्यावर, हिंगाशिवाय मसाला पुरा होणार नाही आणि घरात हिंगाची पुडी शोधणं माझ्याच्याने व्हायचं नाही, हेही तिला ठाऊक. "दहा मिनटां. हितंच बस. उठलीस तर तुजा पाय आन माजी चप्पल."

ती गेली आणि माझा फोन वाजला. गोडाऊनच्या गेटवर दोन ड्रायव्हर हमरीतुमरीवर आले होते, आणि आत मुसळांच्या दणदणाटात मला काही ऐकू येईना. मी बाहेर आले. दोन मिनिटं म्हणता म्हणता पंधरा झाली. मागे वळून बघते तर थोरली हिंगाची पुडी हातात घेऊन दारात उभी. काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. आत गेलो तेव्हा डंखवाला एका पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "वो आपका हो गया." हिंग तसाच हातात राहिला. त्या ठसक्यात थोरलीच्या नाकालाही काही कळेना; पिशवी घेऊन आम्ही घरी आलो.

घरी सासूबाई, थोरले दीर आणि माझा नवरा जेवायला बसायच्या तयारीत होते. थोरलीने पिशवीचं तोंड सोडलं, वाकली आणि तशीच थबकली. चिमूट जिभेवर ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "यो आपला न्हाय."

इतकी शांत ती कधीच बोलत नसे, म्हणून सगळे उठून आले. सासूबाईंनी विचारलं, "डंखावरून कोन उठला व्हता?"

नवरा माझ्याकडेच बघत होता. जळकं पातेलं त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात थोरली म्हणाली, "मीच उठले. हिंग घेऊन परत गेले तं ऊन लागला, चक्कर आली. हिला पानी आनायला धारला, आन मी भायेर येऊन बसले."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तू उठलीस?"

"हां, उठले. फाशी देतंस का?"

तिने पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली आणि मला रस्त्याने ओढत नेलं. कुठे नेते ते तिच्या नाकाला माहीत होतं. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक बाई राहायची; शेवग्याच्या फांदीवरून तिच्याशी थोरलीचं कैक वर्षांचं वैर. ती सकाळी डंखावर आमच्याच शेजारी बसलेली. थोरली तिच्या दारात उभी राहून म्हणाली, "माजा मसाला दे. मी जरा उठले, तवा बदलला."

"तुजा कशावरून?"

"चाट. जीभ बधिर व्हते का बघ. माज्या मसाल्यात तिरफलां हायत. तुज्या खानदानात कोनी टाकली हायत का?"

बाईने चाखलं. तिचा चेहराच सांगत होता. पण मसाला परत देण्याऐवजी ती आधी हसली. "म्हंजे थोरली डंखावरून उठली? अगो बाय!" आणि भिंतीवरून पलीकडच्या दोघींना ओरडून सांगितलं. थोरली तिथेच उभी, मान ताठ, कानशिलं मिरचीसारखी लाल. मी मागे पिशवी घेऊन उभी. खरं काय ते त्या वेळी मी एका वाक्यात सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझी शिफ्ट होती. मी पिशवीची गाठ आवळली.

पिशव्या बदलून परत येताना मी म्हटलं, "ताई, तुम्ही..."

"तुज्यासाठी न्हाय केला," ती म्हणाली. "तू दिवसभर घरात बसलीस तर मला वेड लागंल."

यानंतर आमच्यात गोडवा आला असेल असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी थोरलीला पाहिलेलं नाही. ती पूर्वीपेक्षा जास्त टोचून बोलायला लागली. आणि मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त राग यायला लागला, कारण आता उलटून बोलायची माझी सोय राहिली नव्हती. कोथिंबीर मात्र मी बंद केली. तिने एकदाच आमटीची वाटी हुंगली आणि म्हणाली, "आज काय, बाजार बंद हाय?"

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर सासूबाईंनी मसाल्याचं काम माझ्याकडे दिलं. "थोरलीचा आता वय झाला, डोकं ठिकानावर न्हाय ऱ्हात," असं सगळ्यांदेखत म्हणाल्या. थोरली तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. तिने मिरच्यांचं प्रमाण मला सांगितलं, एकदाच, भराभर, पाठ फिरवून. आणि ओट्यावर जाऊन बसली. गच्चीवर मिरच्या मी पसरायचे, डंखावर मी बसायचे. दर उन्हाळ्यात हळदीच्या मांडवात कोणीतरी बाई तिला विचारायचीच, "काय गो थोरले, डंखावर चक्कर तर न्हाय ना आली?" की सगळ्या फिदीफिदी हसायच्या. ती शिवी हासडायची, पण पूर्वीसारखी रसरशीत नाही. अशाच एका हळदीत सगळ्यांबरोबर मीही हसले. तिने ते पाहिलं. उठून चुलीकडे गेली. ते हसू मला आजही आठवतं.

गोडाऊनमध्ये तोवर मला बढती मिळाली होती. चार गेट माझ्या हाताखाली आले. घरातही आता कोणी नोकरीचं नाव काढत नव्हतं; उलट नवराच लोकांना कौतुकाने सांगायचा.

चार उन्हाळे असे गेले. मग शेत विकलं गेलं, भावाभावांची वाटणी झाली, आणि दिराने कल्याणला फ्लॅट घेतला. ज्या लिफ्टच्या वासावरून तिने माझा जीव नकोसा केला, तिच्यातच तिला आता रोज चढायचं होतं; पण त्या दिवशी मला टोमणा मारायची इच्छा झाली नाही. दारात टेम्पो लागला होता. एप्रिलचं ऊन, सामानावर बसलेली धूळ, सासूबाई ओट्यावर डोळे पुसत बसलेल्या. थोरली स्वयंपाकघरात आपली भांडी निवडत होती. मी आत गेले, दार लोटलं आणि म्हटलं, "ताई, तुम्ही जायच्या आधी मी आईंना खरं सांगते. त्या दिवशी मी उठले होते. तुम्ही असं नाव खराब घेऊन जाऊ नका."

तिच्या हातातला डाव थांबला. मला वाटलं, आता रडेल. मी स्वतः रडायच्या बेताला आले होते.

"सांगशील तर तंगरी तोरीन तुजी," ती म्हणाली. "चार वर्सां मी काय फुकट आयकून घेतला?"

मग डाव पिशवीत टाकून ती बाहेर गेली, आणि टेम्पोवाल्याने खाट उलटी चढवली म्हणून त्याच्यावर तुटून पडली.

थोरली जाऊन आता दोन वर्षं झाली. कल्याणलाच, दवाखान्यात, नर्सशी भांडता भांडता गेली. तिच्या पाठोपाठ सासूबाईही गेल्या. माझी तंगडी तोडायला आता कोणी उरलं नाही, म्हणून आज सांगते. त्या दिवशी डंखावरून मी उठले होते.