मोठीआईच्या कमरेची पुडी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

माझ्या मोठीआईचं उद्या ऑपरेशन होतं. सावली गावाहून तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता?"

"नाई जी."

बाहेर येताच तिनं कमरेची पुडी काढून वैदूची मुळी तोंडात टाकली.

"हे काऊन नाई सांगितलं?"

"डॉक्टर रागावते ना, बाई!"

तिला हाताला धरून परत आत नेलं नि मुळीचं सांगितलं. डॉक्टर खरंच ओरडले, "या मुळीनं उद्या रक्त थांबलं नसतं तर? अक्कल आहे का?" ऑपरेशन पुढे ढकललं.

खरं सांगणं आपली जबाबदारी. मग ते सांगताना अपमान न होणं हा आपला हक्क नाही का?

ओरडणं बाहेर ऐकू गेलं होतं. आम्ही निघालो तेव्हा बाकावरची एक बाई आपली पुडी कमरेत आणखी खोल खोचत होती.

तिला आत कोण नेईल?