अठ्ठावीस ढांगांचा बोळ

छगनच्या खांद्यावर ती चार फुटी लोखंडी चावी दिसली की नालेगावातल्या बायका हातातलं काम टाकून हंडे धुवायला घ्यायच्या. चावी कसली, वर आडवी मूठ असलेली पहारच ती. पण गल्लीच्या पोटातल्या व्हॉल्व्हमध्ये ती फिरली की नळाला पाणी यायचं. एकतीस वर्षं छगनने दुसरं काही केलं नाही. राजाच्या आधी भालदार ललकारी देत यावा, तसा छगनच्या आधी त्या चावीचा फरशीवरचा खणखणाट यायचा.

उद्या त्याची नोकरी संपणार होती. त्याच्या जागी आलेल्या महेंद्रला सगळे व्हॉल्व्ह पायी फिरून दाखवायचे, एवढंच काम उरलं होतं. सकाळी दोघं दिल्ली गेटाच्या जुन्या वेशीतून नालेगावात शिरले. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं आणि भिंती अशा उजळल्या होत्या की जणू नाटकाचा पडदा नुकताच वर गेला असावा. एक पोपटी, तिच्या अंगाला अंग लावून एक गुलाबी, पुढे निळीवर पांढऱ्या अक्षरांत ‘जय भीम’. कुठे शिलाई मशीन खडखडत होतं, कुठे खाटेवर कुरडया वाळत होत्या. मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, गल्ली इथे संपली. पण छगन डावीकडे वळायचा, दोन भिंतींच्या फटीतून अंग चोरून पलीकडे निघायचा, की तिथे आणखी एक गल्ली हजर.

महेंद्र प्रत्येक झाकणाशी थांबून मोबाईलमध्ये लिहीत होता: गुलाबी घरासमोर, निळ्या दाराजवळ. छगन गालातल्या गालात हसला. त्याला हे काम शिकवणाऱ्या सूर्यभानने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रंगावर जाऊ नकोस. भिंतीला दुसरा रंग लागतो, दार सरकतं, माणूस घर विकून जातो. कोपऱ्यापासून ढांगा मोज आणि आकडा पाठ कर. तेव्हापासून सगळं नालेगाव छगनच्या पायांत होतं.

तेवढ्या भरवशावरच तो आज त्या अरुंद बोळाच्या तोंडाशी उभा होता. गुडघा धरला म्हणून तो दहा दिवस नेवाशाला लेकीकडे राहून आला होता. त्या दहा दिवसांत बोळातल्या लोकांनी वर्गणी काढून खाली पेव्हर ब्लॉक बसवले, आणि दोन्हीकडच्या पाठभिंतींवर पोरांनी मोर, मासे, फुलं रंगवली. बोळ नवरीसारखा नटला. फक्त बोळाच्या वेगळ्या व्हॉल्व्हचं झाकण त्या ब्लॉकखाली गेलं, आणि नेमकं कुठे ते कुणालाच आठवेना. व्हॉल्व्ह बंद होता, आणि छगनच्या मागे दिसतील तेवढी झाकणं उघडून पाणी सोडणाऱ्या महेंद्रला तो आहे हेच ठाऊक नव्हतं. दहा दिवस इथला एकही नळ ठिबकला नव्हता. सत्तरीची कलाबाई शेजारच्या गल्लीतून कळशीने पाणी आणत होती.

वर्गणीत पुढाकार घेतलेले उत्तमराव कंबरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं की आख्खा बोळ उकरू देणार नाही, काय ते एकदाच आणि नेमकं सांगा.

छगनने कोपऱ्यातल्या दगडाला टाच लावली. अठ्ठावीस मोजले, थांबला, चावी आपटली. “हितं.”

महेंद्रने सोबत आणलेल्या पहारीने चार ब्लॉक काढले. खाली मुरूम. आणखी चार काढले. मुरूमच.

छगनने परत जाऊन पुन्हा मोजलं. पाय त्याच खड्ड्याशी आले. आकडा चुकला असता तर गोष्ट वेगळी, पण आकडा पक्का होता. उत्तमराव म्हणाले, आता वय झालं, ध्यानात राहत नाही, त्यात काय एवढं. महेंद्रने मान खाली घातली. या माणसाला आपल्यासमोर कोणी असं बोलावं, याचीच त्याला लाज वाटली.

दारात कळशी घेऊन बसलेली कलाबाई इतका वेळ नुसती बघत होती.

“छगन, आधी तू ह्या बोळातून जायचा तर मला धड हाक मारायला सापडायचा न्हाई,” ती म्हणाली. “आज तू माझ्यावानी चालतोय. मी तं म्हातारी हाय, तुला काय झालं?”

छगनने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. दुखतो हे त्याने घरी कबूल केलं होतं; पाऊल तोकडं झालंय हे मात्र स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तो शेजारच्या गल्लीत गेला. महेंद्र मागोमाग. तिथलं झाकण डोळ्यांसमोर होतं, त्याच्या जुन्या मोजणीने कोपऱ्यापासून बरोबर वीस ढांगांवर. छगन कोपऱ्यावरून लंगडत निघाला आणि यावेळी मोठ्याने मोजू लागला. खिडक्यांतून बायका बघत होत्या. झाकणावर पाय पडला तेव्हा तोंडून आकडा निघाला पंचवीस.

“विसाला पाच वाढले,” तो म्हणाला. “मग अठ्ठाविसाला सात.”

बोळात परतून, त्या खड्ड्यापासून तो सात पावलं पुढे गेला. रंगवलेल्या मोराच्या पिसाऱ्याखाली, उत्तमरावांच्या मागच्या दाराशी. उत्तमराव काही बोलायच्या आत महेंद्रने पहार घातली होती. तिसऱ्या ब्लॉकखाली टण्णकन लोखंड वाजलं.

छगनने चावी घातली, तेरा आटे फिरवले आणि मुठीला कान लावला. कुठेतरी खोल, गळा खाकरल्यासारखा आवाज झाला. कलाबाईच्या नळाने आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल गढूळ पाणी ओकलं, मग पांढरी धार. उत्तमराव घरातून दोन बादल्या घेऊन आले.

महेंद्रने मोबाईल काढला. “काका, काय लिहू? अठ्ठावीस का पस्तीस?”

छगनने चावी उचलली, क्षणभर हातात तोलली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली.

“दोन्ही माझे हायेत. जा, कोपऱ्यापासून तुझ्या पायांनी मोज. अन् दर दिवाळीला परत मोजत जा.”

महेंद्र बोळाच्या तोंडाशी गेला आणि दगडाला टाच लावून मोजत निघाला. छगन कलाबाईच्या पायरीवर, भरत आलेल्या कळशीशेजारी, पाय लांब करून बसला.