न पाहिलेले ग्रह

वाचनालयाच्या दारात एका गृहस्थांनी माझ्या बहिणीच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. सुधाताई जन्मापासून आंधळी आहे हे मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं, तरी हलवला.

"हात नका हलवू, वारा लागतो," ताई शांतपणे म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. "आत पडद्यावर चित्रं दाखवणार आहेत. ह्यांना काय कळणार?"

माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. मी ताईला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

व्याख्यान एका दूरच्या ताऱ्यावर होतं. तो आपल्या सूर्यासारखाच आणि त्याच्याभोवतीही ग्रह फिरतात. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उणावतो, त्यावरून तो ओळखायचा, असं व्याख्यात्या बाई सांगत होत्या.

ताईने विचारलं, "म्हणजे ते ग्रह तुम्हीही पाहिले नाहीत?"

"नाही. कुणीच नाही. ही चित्रं कल्पनेची आहेत."

सगळं सभागृह न पाहिलेल्या गोष्टीपुढे माना डोलावत होतं आणि अपात्र ठरली होती ती एकटी माझी बहीण. डोळसांना ही मिजास येते कुठून?

परतताना रिक्षात मी त्या गृहस्थांच्या नावाने बोटं मोडत होते. ताई म्हणाली, "ते परके गं. सकाळी तूच म्हणालीस ना, तुला कंटाळा येईल, घरी राहा?"

त्या माणसावरचा राग केव्हाच निवला. स्वतःवरचा अजून निवत नाही.