कादंबरीतला सुभेदार

आमच्या पडवीत वाचता येणारी मी एकटी होते, पण मतं मात्र चौघींना होती. ज्याला अक्षर येत नाही त्याला गोष्टीतलं काय कळतंय, असं म्हणणारे शहाणे मला पुढं आयुष्यात पुष्कळ भेटले. त्यांना एकदा आमच्या आत्याबाईंसमोर शेंगा फोडायला बसवायला हवं होतं. चांगली खोड मोडली असती.

मी सोलापूरची. लग्न होऊन तामलवाडीला आले तेव्हा अजून मोगलाई होती. माहेर आणि सासर यांच्यात बैलगाडीची अर्ध्या दिवसाची वाट, पण मधे हद्द. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता आणि तिथं गाडीतलं प्रत्येक गाठोडं सोडून दाखवावं लागे. आमचे हे शिकायला हैदराबादेला होते आणि मी सासू-सासऱ्यांजवळ, दिवसभर पदर सावरत. जीव रमायला एक दादाचा आधार. तो सोलापुरात एका वाचनालयाचा सभासद होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेंगा घेऊन पेठेत गेले की त्यांच्या हाती तो माझ्यासाठी पुस्तक धाडायचा. तांबड्या फडक्यात बांधलंय म्हणजे पोथीच असणार, असा मामंजींचा समज होता. मी तो मोडला नाही. खोटं काही बोलले नाही, फक्त त्यांच्यासमोर फडकं सोडलं नाही.

त्या वाचनालयाची एक रीत होती. पुस्तक परत करताना आत अभिप्रायाची चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी नसली तर पुढचा भाग मिळायचा नाही. चालक म्हातारे गृहस्थ होते आणि त्या चिठ्ठ्या वहीत चिकटवून ठेवायचे म्हणे. त्यामुळं आमच्या पडवीत गोष्ट वाचून झाली की दुसऱ्या दिवशी अभिप्रायाची बैठक बसायची आणि ती गोष्टीपेक्षा जास्त रंगायची.

बैठकीला आत्याबाई, म्हणजे सासूबाई. माझी थोरली जाऊ. आणि शेजारच्या शिंप्याची बायको, जिला सगळी गल्ली चाची म्हणायची. चाचीची दखनी आणि आमची मराठी एकाच सुपात पाखडलेली होती, कुठला दाणा कुणाचा ते ओळखू यायचं नाही.

त्या वर्षी दादानं जी कादंबरी धाडली ती तीन भागांत होती. एका गडावर एक सरदार असतो. त्याला मरण नाही. तीनशे वर्षं तो माणसाचं रक्त पिऊन जगलेला आहे. गडाखालच्या गावात एकेक पोर मरू लागते आणि सगळे त्याच्याकडं बोट दाखवतात. त्यातच त्याचा एका वैद्याच्या मुलीवर जीव जडतो, आणि भुकेनं तडफडला तरी तिला तो दात लावत नाही. गावावर एक सुभेदार असतो, गोड बोलणारा, सगळ्यांना धीर देणारा. पहिला भाग वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बाकीच्यांच्या अंगावर कसला काटा येतोय! आत्याबाईंनी शेंग फोडली आणि विचारलं, "तीनशे वर्सं ह्यो मानूस उपाशी, आन् एकबी बाई ताट वाढून त्येला बस म्हणत न्हाय?"

"आत्याबाई, तो रक्त पितो."

"पितुय तर पितुय. आमच्या लिंगायतात चालत न्हाय, त्येच्यात चालत आसंल. पर भुकेल्याला भूत म्हणायचं ही कुठली रीत?"

चाचीला सरदार आवडायचा, पण मुलीचा भारी राग. "खुळी हाय गे वो छोकरी. एवढा नेक आदमी दारात उभा, आन् ये चांद देखती बैठी!" माझ्या जावेला प्रेमाबिमात काडीचा रस नव्हता. तिला गुन्हेगार हवा असायचा. दुसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणात सुभेदाराच्या जोड्याला लाल माती लागली, एवढं एक वाक्य मी वाचलं आणि ती ओरडली, "त्योच! गडावरची माती हाय ती! पोरी त्योच मारतुय आन् नाव ह्येच्यावर घालतुय." पुढं चाळीस पानांनी लेखकानं तेच सांगितलं तेव्हा जाऊ त्याच्यावर नाराज झाली. म्हणाली, "लई उशीर लावला बाबानं. आन् त्येला लिव की, सात-सात पानं चांदणं कशाला? चांदण्याला काय खायचंय?"

आणि माझं मत? आता लपवून काय करू. मी त्या सरदारावर लुब्ध होते. हैदराबादेहून येणाऱ्या पत्रांत तब्येत ठीक आहे आणि पाऊस नाही, एवढंच असायचं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आत्याबाईंचे कान चालले होते. डावा तर मी यायच्या आधीच गेलेला. उजव्या बाजूला मी चिकटून बसायची आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन वाचायची. तुळजापूरच्या वैद्यांनी सांगितलं की उजवाही वर्ष-सहा महिन्यांचाच सोबती. आत्याबाई रडल्या नाहीत, देवाला बोल लावला नाही. घरी येऊन मला म्हणाल्या, "त्या गोस्टीचा तिसरा भाग हाय न्हवं? मंग बिगीबिगी मागीव. मला त्या सुभेदाराचं काय हुतंय ते ऐकायचंय. आन् त्या दोघांचं जमतंय का, त्ये. मग कान गेलं तर जाऊ दे."

म्हणून दुसरा भाग संपल्या संपल्या मी अभिप्राय लिहायला बसले. आत्याबाई सांगत होत्या आणि मी तेच शुद्ध भाषेत उतरवत होते. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. मी लिहिलं: "सुभेदार अजून जिवंत आहे हे आम्हाला मुळीच पसंत नाही. त्याचा खून लवकर झाला पाहिजे. आम्ही चौघी वाट बघत आहोत. पुढचं ताबडतोब पाठवा." चिठ्ठी पुस्तकात घातली, तांबडं फडकं बांधलं आणि गाठोडं मामंजींच्या हाती दिलं.

सुभेदार ही मोगलाईतली खरीखुरी जागा होती, चांगली वरची. जिल्ह्याचा तालुकदारसुद्धा ज्याच्यासमोर हात बांधून उभा राहायचा, तो सुभेदार. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण मी कादंबरीत होते, आणि चिठ्ठी नाक्यावरून जायची होती.

दुपारी निरोप आला की मामंजींना नाक्यावर बसवून ठेवलंय. रडत रडत मी आत्याबाईंना सगळं सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. त्यांनी पदर खोचला. "लिवलंस तू, सांगितलं म्या. चल." सून नाक्यावर जाणार म्हणून जाऊ घाबरली, पण आत्याबाई तोवर उंबऱ्याबाहेर. चाचीही शिवण टाकून निघाली.

पोथी म्हटलं की फडकं न उघडणारा आधीचा अमीन, म्हणजे नाक्यावरचा अंमलदार, बदलून गेला होता. हा नवा होता, हैदराबादकडचा. अंगानं किडकिडीत, शेरवानीची सगळी बटणं लावलेला, भर उन्हात. मामंजी बाकड्यावर बसले होते आणि माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. मराठी जाणणाऱ्या चपराशानं चिठ्ठीचा अर्थ लावून दिला होता. अमीननं ती वर धरली आणि विचारलं, "सुभेदार साहब के क़त्ल की बात किसने लिखवाई?"

आत्याबाईंना त्यातलं एकच ऐकू आलं, सुभेदार. त्या पुढं झाल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "म्या सांगितलं. मारायलाच पायजे त्येला. लेकीबाळींच्या जिवावर उठलाय मुडदा!"

चपराशानं डोक्याला हात लावला. मामंजींनी डोळे मिटले. चाची धावली आणि अमीनच्या टेबलाशी जाऊन तिनं गड, सरदार, वैद्याची मुलगी, लाल माती, सगळं एका दमात ओतलं. "साब, ये तो किताबवाला सुभेदार है, किताबवाला! हमारा सुभेदार तो हीरा है हीरा!"

अमीननं सगळं ऐकून घेतलं. मुलगी मरते का, असंही एकदा विचारलं. मग शेरवानी ओढत म्हणाला, "किताबवाला हो तब भी, सुभेदार सरकारी आदमी होता है." मामंजींना त्यानं सोडलं. पुस्तक आणि चिठ्ठी मात्र तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवली.

घरी आल्यावर मामंजी एवढंच म्हणाले, "रगत पिणाऱ्याची पोथी! म्या ती मांडीवर घिऊन जात हुतो. आजपासून ह्या घरात पुस्तक न्हाय." मी मान खाली घातली. चूक माझीच होती. पण त्यांच्या रागापेक्षा मला दुसरंच खात होतं. दुसरा भाग परत गेल्याशिवाय तिसरा येणार नव्हता, आणि जिल्ह्याच्या कचेरीतून काही परत यायला किती दिवस लागतात ते सगळ्या मोगलाईला माहीत होतं.

पाऊस आला, गेला. शेंगांची काढणी झाली. आत्याबाई रोज सकाळी घागर आपटून बघायच्या, आवाज किती येतो ते. मला ते बघवायचं नाही. एक दिवस मामंजी मळ्यातून आले आणि मागून त्यांनी हाक मारली. त्यांची हाक म्हणजे काय! बांधावरून मारली तर वेशीतली कुत्री उठायची. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही. मामंजी दारात तसेच उभे राहिले. मग पुढं जाऊन उजव्या कानाशी वाकले आणि सगळ्या ताकदीनं हाक मारली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "व्हय, आलं आलं. एवढं वराडताव कशाला?" मामंजी न जेवता ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी जुंपून गेले. कुठं, ते कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी परत आले तेव्हा हातात तांबडं फडकं होतं. हा माणूस जिल्ह्याच्या कचेरीत दोन दिवस पायरीवर बसला होता, दुसरा भाग सोडवून घेऊन तसाच सोलापूरला गेला आणि दादाबरोबर वाचनालयात जाऊन उभा राहिला. चालकांनी अभिप्राय मागितला. तर मामंजी म्हणाले, "लिवा, की पुस्तक बरं हाय. सुभेदाराबद्दल आमचं कायबी मत न्हाय."

त्याच दुपारी बैठक बसली. मी आत्याबाईंच्या कानाला तोंड लावलं आणि वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं पोरी. तुझा आवाज आता न्हाय पोचत." अय्य, मला त्या वेळी असं रडू फुटलं म्हणून सांगू! चाचीनं पदर डोळ्याला लावला. पाच महिने माझ्या त्या एका वाक्यानं खाल्ले होते.

मामंजी गोठ्यात वैरण टाकत होते. हात झटकत आले, आत्याबाईंच्या उजव्या बाजूला बसकण मारली आणि मला म्हणाले, "तू सांग, म्या सांगतो हिला." मी एकेक वाक्य वाचायची आणि मामंजी ते त्यांच्या कानात सोडायचे. सोडायचे कसले, गर्जायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. सुभेदार गडाच्या बुरुजावरून पडला तेव्हा आत्याबाईंनी मांडीवर थाप मारली आणि गल्लीतनं कुणीतरी "बरं झालं!" म्हणून ओरडलं. जाऊ म्हणाली, ढकलला असणार, पडला नसणार. त्याच्यावर थोडा वाद झाला.

मग मी पुढचं वाचायला गेले आणि गप्प झाले. सरदार त्या मुलीशी बोलत होता. ते बोलणं सुनेनं सासऱ्याला वाचून दाखवायचं? मी पदर पुढं ओढला.

"काय झालं? संपली व्हय?"

मी मान हलवली आणि पुस्तक त्यांच्या पुढं सरकवलं. मामंजींना बाळबोध अक्षर वाचता यायचं, पण बोट ठेवून, अक्षर जुळवत. एक ओळ आधी मनात वाचून मग मोठ्यानं बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं आणि आत्याबाईंच्या कानात, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सोडत गेले.

"तुझ्या… वाचून… माझा… जीव… कशातच… लागत… नाही."

गल्लीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आपण काय बोललो ते मामंजींना तेव्हा कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले, पण बोट काही त्या ओळीवरून उचलेना. चाळीस वर्षांच्या संसारात आत्याबाईंना त्यांनी "ए" आणि "ऐकलं का" यापलीकडं हाक मारलेली कुणाला आठवत नव्हती.

आत्याबाईंचे डोळे भरून आले होते. हातातली शेंग तशीच होती, न फोडलेली. त्यांनी मान आणखी थोडी त्यांच्याकडं कलवली.

"काय म्हणलाव?" त्या म्हणाल्या. "नीट ऐकू न्हाय आलं. आनी एक डाव म्हणा."